कोरडी गोदी

जहाज कोरड्या गोदीत घेतलं
की पहिल्यांदा त्याचं पोट दिसतं.
वर रंग शाबूत, नाव सोनेरी,
खाली शिंपा, शेवाळ, गंजाचे फोड.
एकतीस वर्षं मी ते खरवडलं, रियेकाच्या बंदरात.
फोडावर नुसता रंग फासणाऱ्या पोरांना
शिव्या दिल्यात. आईवरून नाही, पण जवळपास.

म्हणून डॉक्टर लोव्रिनिच पडद्यावरची
माझ्या खुब्याची सावली दाखवत म्हणाल्या,
"मिलिव्हॉय, सगळंच काढावं लागेल,"
तेव्हा मोराना रडली. मी विचारलं, कुठपर्यंत?
त्या म्हणाल्या, ताजं रक्त लागेल तिथपर्यंत.
बाई कामाची आहे, मी मनात म्हटलं.

जंतू परका नाही. कातडीवरच राहणारा, घरचाच.
नऊ वर्षांपूर्वी सांधा बसवला
त्याच दिवशी बहुधा आत आला,
धातूला चिकटला,
अंगावर एक बुळबुळीत गोधडी ओढून घेतली
आणि गप्प राहिला.
मी त्याला घेऊन त्र्साटच्या पायऱ्या चढलो,
त्याला घेऊन मासे आणले,
बायकोला पोचवायला गेलो तेव्हाही
तो माझ्याबरोबर चालत होता.
गेल्या हिवाळ्यात जुन्या व्रणाशेजारी
टाचणीएवढं तोंड उघडलं.
रोज सकाळी पायजम्यावर नाण्याएवढा डाग.
मी तो स्वतः धुवायचो, थंड पाण्यात,
नळ बारीक सोडून.

कमरेखाली बधिर, वर अर्धी झोप.
पडद्यापलीकडे हातोडी चालली होती.
छिन्नी मी कुठेही ओळखेन:
धरून बसलेल्या सिमेंटवर आधी बद्द वाजते,
मग एकदम पोकळ.
दांडा सुटला तेव्हा कुणीतरी हुश्श केलं.
सहा जागचे सहा तुकडे, सहा डब्या,
प्रत्येकाला वेगळा चिमटा.
आणि मग पाणी, मीठपाणी,
इतकं की मला वाटलं भरती आली,
कुणी दार लावायचं विसरलं.

आता खड्ड्यात सिमेंटचा गोळा आहे,
औषध कालवलेला. आतल्या आत झिरपतो.
पाहुणा आहे, सहा आठवड्यांचा.
पाय दोन बोटं आखूड,
दंडात नळी, दिवसातून तीनदा बाटली.
जुना सांधा मागितला, ठेवायला.
दिला नाही. प्रयोगशाळेत हलवून हलवून
त्याच्याकडून कबुली घेताहेत.

कॉरिडॉरमध्ये जुर्जा भेटते.
तिच्या खुब्यात काहीच नाही.
तीनदा बसवला, तीनदा पिकला,
चौथ्यांदा तीच म्हणाली, पुरे.
एका बुटाला चार बोटं जाड तळ,
दोन कुबड्या, ओठांना लाली.
"दर शनिवारी बाजारात जाते," ती सांगते,
"हळू. मासेवाला माझ्यासाठी बांगडे झाकून ठेवतो."
मग माझ्या पायाकडे बघते,
जशी एखादी बाई दुसरीच्या सुनेकडे बघते.

रात्री डोंगरावरून बुरा सुटतो.
त्या वाऱ्याचं आमच्याकडे तेच नाव.
खिडकीतून गोदीच्या दोन क्रेन दिसतात.
एकीवर अजून दिवा लागतो, का, कुणास ठाऊक.

सातव्या आठवड्यात औषध थांबलं.
दोन आठवडे काहीच नाही, शरीर उघडं सोडलेलं.
मग सुईनं थोडं पाणी काढलं, बशीत पेरलं.
चौदा दिवस. काही उगवलं तर फोन करू, म्हणाले;
नाही उगवलं तर नवा सांधा.
बाल्कनीतल्या डब्यात मी टोमॅटो लावायचो,
रोज वाकून बघायचो, मोड आला का.
आता तेच करतो, फक्त उलट.

आज अकरावा. दुपारी फोन वाजला.
कुबडी घसरली, तरी उचलला.
मोराना होती. "बाबा, जेवलात?"
जेवलो, म्हटलं.
मग दोघंही थोडा वेळ
काही बोललो नाही.